निळ्या शर्टातले मामा

आधी तो चहाचा घोट गिळून घ्या. हे सांगताना मागं एकदा माझा मित्र सुधीर ठसकला होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावरचा डाग अजून निघालेला नाही. गाढवपणा मी आयुष्यात भरपूर केलाय, पण इतका मन लावून, घाम गाळून केलेला हा एकच.

तर मी विनायक. राहायला उचगावात, कामाला फाउंड्रीत. क्वालिटीला आहे. म्हणजे ओतकाम थंड झालं की त्यातली भेग शोधायची, भोक शोधायचं आणि बाजूला काढून ठेवायचं. वय बत्तीस. अकरा ठिकाणी मुलगी बघून झाली होती आणि अकराही ठिकाणांहून 'कळवतो' असं उत्तर आलं होतं. कुणीही कळवलं नव्हतं. घरात लग्नाचा विषय निघाला की आई भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

एका शनिवारी मी कामावर असताना मुरगूडच्या आत्याचा फोन आला. माझ्या लग्नाचा ध्यास घेतलेली जगात ती एकटीच उरली होती. माझ्या मागं ग्राइंडरची घरघर चाललेली, आणि आत्याचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

"विनू, उद्या तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला... मुलीकडनं... मामा... निळा... गुपचूप बघून जाणार. नीट वाग. कळलं न्हवं?"

"कोण येणार? मामा येणार?"

"व्हय, मामा... निळा..." आणि फोन बंद.

मी बाहेर पळत जाऊन परत लावला. लागेना. आत्या त्या दिवशी नेसरीला नणंदेकडं निघाली होती, वाटेत रेंज नव्हती. मुलीचा फोटोही नव्हता. मागच्या खेपांना आधी फोटो बघूनही काही जमलं नाही, म्हणून या खेपेला फोटो नको, आधी माणूस बघू दे, असा आत्याचा हट्ट.

तरी मला पुरेसं कळलं होतं. मुलीचे मामा येणार, निळा शर्ट घालून येणार, आणि मला गुपचूप बघून जाणार. यात न कळण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या तरुण मंडळाचा मेळावा होता. आसपासच्या मंडळांची मुलं-मुली आलेली. मुख्य कार्यक्रम म्हणजे 'ओळखा बघू' हा खेळ. पाच-पाच जणांचे संघ. एकानं पुढं येऊन चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत लिहिलेलं न बोलता करून दाखवायचं आणि त्याच्या संघानं एका मिनिटात ओळखायचं. सूत्रसंचालक मी, पंच मी आणि चिठ्ठ्या लिहिणाराही मीच.

रात्रभर झोप नव्हती. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी निळा शर्ट शोधायला लागलो आणि तिसऱ्या रांगेत तो सापडला. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, भरघोस मिश्या, मांडीवर कापडी पिशवी. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली पोरं आणि मध्ये हे एकटे. आणि बघत काय होते? सगळ्यांना न्याहाळून बघत होते. मी आधी शर्टाची कॉलर नीट केली.

मी त्यांच्यासाठी पंखा वळवून घेतला. पहिला चहा अध्यक्षांना द्यायचा असतो, तो मी यांना दिला. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, पण मला अध्यक्षांशी लग्न करायचं नव्हतं.

"घ्या मामा."

आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला कुणीही मामा म्हणतं. त्यामुळं त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"काय करता पावणं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"फाउंड्रीत असतो मामा. क्वालिटीला."

"पर्मनंट?"

"व्हय. सहा वर्षं झाली."

"बरं हाय की. घर स्वतःचं?"

"स्वतःचं. वर स्लॅब पण टाकलाय."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, अकरा ठिकाणी जे झालं नाही ते आज होतंय. जाता जाता मी कारण नसताना हेही सांगून टाकलं की मी तंबाखू खात नाही. त्यांनी हातातली तंबाखू हळूच पुडीत परत ठेवली.

खेळ सुरू झाला. माझा अर्धा डोळा घड्याळावर आणि दीड डोळा तिसऱ्या रांगेत. पहिल्या पोरानं म्हशीची धार काढून दाखवली, त्याच्या संघानं 'रिक्षा चालवतोय' म्हणून सांगितलं. हॉल हसला. मामाही हसले. ते हसले की मी पण हसायचो, ते थांबले की मी पण थांबायचो.

मग कोल्हापुरातून आलेल्या मुलींच्या संघातली एक जण पुढं आली. उंच, निळ्या ड्रेसमधली, चालण्यात बिनधास्तपणा. तिनं चिठ्ठी उचलली, वाचली आणि माझ्याकडं बघून किंचित हसली.

चिठ्ठी कुठली ते मला लगेच समजलं. 'मुलगी बघायला आलेला मुलगा.' अकरा खेपांच्या अनुभवावर मीच लिहिलेली.

तिनं खुर्ची ओढली. गुडघे जुळवून अगदी कडेला बसली. काल्पनिक रुमालानं कपाळ पुसलं, मान पुसली, परत कपाळ पुसलं. मग काल्पनिक बशी हातात घेऊन पोह्याचा एकेक दाणा वेचून खायला लागली. मधूनच चोरून वर बघायची आणि दचकून परत बशीत बघायची.

"ताप आलाय," तिचा संघ ओरडला.

"मूळव्याध."

"पेपर फुटलाय आन ह्यो सापडलाय."

हॉल लोळायचा बाकी होता. मी मात्र थंडगार. कारण ती जे करत होती ते सगळं मी त्याच वेळी, माइक हातात धरून करत होतो. माझा रुमाल माझ्या मानेवरच होता. मामांच्या हे लक्षात आलं तर?

"बघायला आलेला पोरगा," तिच्या संघातली एक ओरडली, आणि टाळ्या पडल्या.

मी शिट्टी मारली. "फाउल. ओठ हलले. गुण मिळणार न्हाय."

"ओठ हलले न्हाईत," ती शांतपणे म्हणाली. "मी पोहे खात होते. पोहे खाताना तोंड हलतंच की."

"पंचाचा निर्णय अंतिम हाय."

"पंचांनी कधी तोंड न हलवता पोहे खाऊन दाखवावेत. मग मी गुण सोडते."

आता हॉल माझ्यावर हसत होता. मी कान तापलेल्या अवस्थेत तिसऱ्या रांगेकडं बघितलं, तर मामा चक्क मांडीवर थाप मारत होते.

मध्यंतरात त्यांनी मला बोटानं बोलावलं. आता निकाल लागणार म्हणून मी जवळजवळ पळतच गेलो.

"पावणं, ती निळ्या ड्रेसातली पोरगी कोण हो? तडफदार हाय."

झाली का पंचाईत. माझ्या डोक्यात चक्रं फिरली. हे माझी परीक्षा बघतायत. पोरगा इतर पोरींकडं कुठल्या नजरेनं बघतो, एवढंच त्यांना काढून घ्यायचंय. जास्त कौतुक केलं तर चंचल ठरणार, नावं ठेवली तर खुनशी.

"माझ्या बहिणीसारखी हाय मामा," मी म्हणालो. "पण पोरगी गुणी दिसतीय. कुणाच्या पण घरात शोभंल."

"तेच म्हणतोय मी. माझा थोरला लग्नाचा हाय. वीज मंडळात लागलाय. जरा नाव, फोन नंबर काढून दिलासा तर बरं होईल. आपण म्हाताऱ्या माणसानं कसं विचारायचं?"

माझा जीव भांड्यात पडला. अच्छा, म्हणजे मामा एका फेरीत दोन कामं उरकतायत. भाचीसाठी मुलगा बघायचा आणि जाता जाता मुलासाठी मुलगी. यांच्या पोराचं काम आपण करून दिलं, तर आपल्या कामाला हे नाही म्हणतील का? मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

ती चहा घेऊन खिडकीपाशी उभी होती. मी गेलो.

"ताई, जरा काम होतं."

'ताई' ऐकल्यावर तिची भुवई थोडी वर गेली.

"बोला की पंच."

"तुमचं नाव काय? आणि... फोन नंबर मिळाला असता तर..."

ती गालात हसली. खरं सांगतो, अकरा ठिकाणी मला बघून असं कुणी हसलं नव्हतं. "नाव अश्विनी. नंबर कशाला पाहिजे?" तिनं विचारलं, पण विचारण्यात नकार नव्हता.

इथं एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी घाईनं हात हलवले.

"न्हाय न्हाय, माझ्यासाठी न्हाय. गैरसमज नको. त्या निळ्या शर्टातल्या पावण्यांना पाहिजे. त्यांच्या पोराचं बघायलेत. वीज मंडळात हाय. चांगलं स्थळ हाय, ताई. मी सांगतो."

तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं चहाचा कप खिडकीत ठेवला.

"तुमच्यासाठी न्हाय," ती म्हणाली.

"छे छे."

"बरं. मग माझ्या मामांचा नंबर घ्या. मी सध्या त्यांच्याकडंच आलेय."

या ठिकाणी तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, असं सुधीर म्हणतो. पण मामा काय जगात एकच असतो? प्रत्येकाला असतो. मी नंबर लिहून घेतला आणि नेऊन दिला. निळ्या शर्टातल्या मामांनी माझी पाठ थोपटली. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. जाताना ते म्हणाले, "पावणं, तुमचं उपकार विसरणार न्हाय." मी घरी जाताना सायकलवरच्या पोरासारखा दोन्ही हात सोडून गाडी चालवायची तेवढी बाकी ठेवली होती. आईला म्हटलं, "या खेपेला जमलं बघ." आईनं देवापुढं साखर ठेवली.

संध्याकाळी सहाला आत्याचा फोन आला. या वेळी आवाज स्वच्छ होता.

"काय रं, कशी वाटली पोरगी?"

"पोरगी कुठं आलती? मामा आलते की."

"कसलं मामा?"

"निळ्या शर्टातले. तूच सांगितलंस."

"आरं मुडद्या, मी काय सांगितलं? पोरगी कोल्हापूरला मामाकडं आलीया. निळा ड्रेस घालून ती सोताच येणार हाय, तुला बघून जाणार हाय. अश्विनी नाव तिचं."

मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती ते आठवत नाही.

"आत्या," मी म्हणालो, "तिला मी ताई म्हटलं."

"एवढंच न्हवं? मी सांगते समजावून."

"एवढंच न्हाय. मी तिच्यासाठी स्थळ पण आणलं."

आत्यानं फोन ठेवून दिला. रेंज मात्र पूर्ण होती.

तिनं प्रयत्न केला, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः त्या लोकांच्या घरी गेली, ग्राइंडरची घरघर, नेसरीची वाट, सगळं सांगितलं. मुलगी पोट धरून हसली म्हणे. मग म्हणाली, "आत्या, मुलगा वाईट न्हाय. मी तर होच म्हणणार होते. पण ज्या माणसाला समोर उभी असलेली मी दिसली न्हाय, त्याच्यासंगं जन्म कसा काढायचा? आणि त्यांनी आणलेलं स्थळ खरंच चांगलं हाय."

बाराव्या ठिकाणाहून निदान कळवलं तरी गेलं.

उन्हाळ्यात त्या दोघांचं लग्न झालं. पत्रिका द्यायला निळ्या शर्टातले मामा घरी आले, तेव्हा शर्ट पिवळा होता. आई आतून बाहेरच आली नाही. मी जाणार नव्हतो, पण दोन्हीकडून आग्रह झाला. गेलो, तर मांडवात माइकवरून माझं नाव पुकारलं. 'ही सोयरीक ज्यांच्यामुळं जमली ते उचगावचे विनायकराव.' मला फेटा बांधला, हातात नारळ दिला, शाल दिली. अश्विनीनं नवऱ्याला माझी ओळख करून दिली, "हे माझे पंच दादा." नवराही भला माणूस निघाला, वाकून नमस्कार केला त्यानं.

मी फेटा सावरत पंगतीकडं निघालो, तर मामांनी मला कोपऱ्यात ओढलं.

"पावणं, तुमचा हातगुण लई चांगला हाय," ते हळूच म्हणाले. "धाकटा पण लग्नाचा हाय माझा. एखादी पोरगी बघा की."

त्या क्षणी मी निघून जायला पाहिजे होतं. नारळ तिथंच ठेवून, फेटा काढून, सरळ घरी.

मी विचारलं, "शिक्षण काय झालंय त्याचं?"