माशाच्या तेलाची गोळी
त्या दिवशी मला सावरलं ते कुत्र्यांच्या डॉक्टरबाईंनी. माशाच्या तेलाचा वास आला की अजून आठवतं. शाळा अर्धवट सोडून कोकणातून इंदूरला आलेला मी. इथे माझं म्हणावं असं ते कुत्रंच, आणि चेंडूमागे उड्या मारणारं ते एकाएकी लंगडू लागलं. त्याला आणि दुकानातून आणलेल्या सांध्यांसाठीच्या माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊन मी दवाखान्यात धावलो. बाई अस्सल इंदुरी थाटात म्हणाल्या, "देख भिया, गोळीनं थोडा फरक पडेल, नाही तर नाहीही. पहिले चेंडू बंद कर, आणि रोजची पोहे-जलेबी पण. वजन उतरू दे याचं." मग गोळी हुंगून म्हणाल्या, "समुद्राचा वास असाच असतो का रे? मी तर पाहिलाच नाही." रडता रडता मी हसलो. संध्याकाळी कुत्रं चेंडू तोंडात धरून समोर उभं राहिलं. मी तो काढून घेतला. पुढे ते हळूहळू चालत बरंच जगलं. आता नाही. बाईंना मात्र एकदा समुद्र दाखवीनच.