सागाची चकती

आमचे मस्तगडातले शेजारी, भूगोलाचे सर, कुणाकडंही गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिच्या पायांची कापलेली टोकं बघतात. खुर्ची सागाची निघाली, की चहा थंड झालाच म्हणून समजा! लाकडातल्या वलयांवरून ते जुना पाऊस ओळखतात. रुंद वलय म्हणजे बरा पाऊस, बारीक म्हणजे दुष्काळ.

परवा रस्त्यासाठी तोडलेल्या सागाची चकती त्यांनी टेंभुर्णीहून एसटीत मांडीवर घेऊन आणली. घरी आल्यावर वलयं उठून दिसावीत म्हणून ते पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून तिच्यावर फिरवत होते. केसाएवढ्या बारीक वलयांपाशी मात्र बोट पुन्हा पुन्हा तांब्यात बुडवायला लागले.

“सर, दिसून राह्यलं की बराबर,” मी म्हणालो.

“दिसायसाठी न्हाई हो,” ते हळूच म्हणाले. “त्या सालांत याला पाणीच भेटलं नव्हतं.”