बी मैमुनाचं नाक आणि नारळाचं सेंट

पेम्बा बेटावरच्या वेते गावात बी मैमुनाच्या नाकाला मान होता. नवरीच्या कपड्यांना धुरी द्यायचा ऊद ती साखरेच्या पाकात स्वतः शिजवायची. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून त्यावरच घर चाललं. कुणाच्या घरात नारळाचं दूध नासलंय, हे ती रस्त्यावरून जाता जाता सांगायची. दुकानातल्या सेंटला मात्र ‘बाटलीतलं पाणी’ म्हणायची. नाक असं तिखट, आणि जीभ नाकाच्या वरताण.

रमजानचा बारावा रोजा होता. दुपार कलली होती आणि अंगणात बायका संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी नारळ खवत बसल्या होत्या. सून साल्हा खवणी घेऊन शेजारी टेकली आणि मैमुनाच्या नाकपुड्या फुलल्या. हा काही ओल्या नारळाचा वास नव्हता. आटलेलं दूध, करपत आलेली साखर, व्हॅनिला. काशाता, म्हणजे नारळाची वडी, नुकती ताटात थापावी तसा.

“सूनबाई, वडी खाल्लीस ती खाल्लीस, निदान तोंड तरी धुवायचंस,” ती म्हणाली.

बायका खुदकन हसल्या, मग रोजा आठवून एकमेकींकडे पाहू लागल्या. महिन्याची अडचण असती तर रोजा आणि नमाज दोन्हींची सूट, कुणी काही बोललंच नसतं. पण पहाटे साल्हा सासूच्या शेजारी नमाजाला उभी होती. साल्हानं मान खाली घातली आणि अवाक्षर काढलं नाही. गप्प बसली म्हणजे चोर सापडला, असं सगळ्यांनी धरलं. बी मैमुनाचं नाक कधी चुकलंय का? दुसऱ्या दिवसापासून शेजारची आशुरा साल्हानं पाठवलेली पेज भांड्यासकट परत पाठवू लागली.

चार दिवसांनी सकाळी मस्कतहून मुलाचा, हेमेदचा, फोन आला.

“आई, साल्हाला पाठवलेलं सेंट कसं आहे गं? दुकानदार म्हणाला, सकाळी लावलं की आधी नुसता लिंबासारखा वास येतो. दुपारी अंगाच्या उबेनं त्याची नारळाची वडी होते. अगदी तुझ्या हातची. म्हणून तर घेतलं मी.”

मैमुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साल्हा का बोलली नाही, हेही तिला तिथेच कळलं. नवरा परदेशी असताना बाईनं अंगाला सुवास लावला की गाव विचारतं, कुणासाठी गं? दर नवरीला हा धडा देणारी मैमुनाच. पोरीला नवऱ्याची आठवण आली, दोन थेंब लावले. आणि भलतंसलतं ऐकण्यापेक्षा तिनं रोजा मोडल्याचा आळ पत्करला. आता खरं सांगावं, तरी नाव तिचंच जाणार होतं.

ती साल्हाच्या खोलीत गेली. “बाटली दे,” म्हणाली. साल्हानं काही न विचारता दिली. मैमुनानं मानेला, मनगटांना चोळून घेतलं.

दुपारी अंगणात वास उमलला. आशुरानं मान वर केली.

“बी मैमुना, आज तुम्हीपण का?”

“वडी नाही गं, सेंट आहे. पोरानं पाठवलंय. हौस वाटते, म्हणून चोरून लावते. त्या दिवशीचा वासही माझ्याच अंगाचा होता. खापर पोरीवर फोडलं.”

“नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आता नटायचं सुचतंय,” मागून कुणीतरी पुटपुटलं. मैमुनाचे कान तापले. मान वर करायचं तिचं धाडस झालं नाही. नाकाचा मान गेला होता आणि तो जावा, असंच तिला वाटत होतं.

सूर्य बुडाला, बांग झाली. साल्हानं खजुराची ताटली पुढे केली. “घ्या, आई.”

“कुठल्या तोंडानं घेऊ? चारचौघींत खोटं बोलले मी. माझा रोजा दुपारीच मोडला गं.”

“आज दुपारी नाही, आई. चार दिवसांपूर्वीच मोडला,” साल्हा म्हणाली आणि खजूर तिच्या हातावर ठेवला.