बोटीवरचे कपडे

वडिलांची बोट अजून शाबूत आहे. तिच्या बरोबरीच्या प्रवासी बोटी कधीच भंगारात गेल्या. ही मात्र परदेशात एका धक्क्याला बांधून तिचं हॉटेल केलंय. कर्वेनगरच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला वडील मोबाइलवर तिचे व्हिडिओ दाखवायचे. पाहुणा सुटायचा नाही.

ते तिच्या इंजिनरूममध्ये होते. आठ-नऊ महिन्यांनी घरी आले, की आई त्यांचे कामावरचे कपडे, बॉयलर सूट, गॅलरीत झटकायची आणि मग धुवायची. पांढरी धूळ उडायची. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "आता आम्हाला काश्मीरला जायला नको." झटकण्याआधी खिसे तपासायचं काम माझं, कारण वडील त्यांत माझ्यासाठी चॉकलेटं ठेवायचे.

परवाच्या दिवाळीनंतर आईला धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. कुठल्या कारखान्यात, बोटीवर काम केलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "पाण्याशी माझा संबंध नळाला येतं तेवढाच." मग डॉक्टरांनी वडिलांना आणि मला बाहेर बोलावलं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता. बोटीवरच्या पाइपांना गुंडाळलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ कपड्यांतून घरी आली असणार, असं ते म्हणाले. वडिलांचा एक्स-रे अगदी स्वच्छ निघाला. त्याचा मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कशामुळे झालं ते आईला सांगायचं नाही, अशी वडिलांनी मला गळ घातली. मी कबूल झाले. त्यांच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

एका दुपारी तिनेच बोट दाखवा म्हटलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, उशाशी वडील, पायाशी मी. हॉटेलचा व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. हॉटेल करण्याआधी बोट साफ केली होती, त्याचा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं पाइपांवरचं पांढरं आवरण ओलं करून सोलत होती. काम संपल्यावर त्यांनी अंगावरचे कपडे तिथेच पिशव्यांत बंद केले, आंघोळ केली आणि मगच ती माणसं बाहेर पडली. वडिलांनी मोबाइल बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," आई म्हणाली. तिने शेवटपर्यंत पाहिलं.

"कपडे घरी नेत नाहीत का हे?"

"नाही," वडील म्हणाले.

ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "एकदा तरी बोटीवर न्या म्हणून किती मागे लागले होते तुमच्या. नेलं नाहीत. घरीच आणलीत की हो."

वडील रडायला लागले. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, पण पाहत होती माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत इतकी भीती मी आजारपणात कधी पाहिली नव्हती.

"मी कपडे झटकायचे, तेव्हा तू कुठे असायचीस गं?"

वडिलांनी मान वर केली. चॉकलेटं त्यांनीच तर ठेवलेली असायची.

"शाळेत," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.