शाई नसलेली करंगळी

पोलिओच्या रविवारी संध्याकाळी सुरतेहून व्हिडिओ कॉल आला. नातवाने हात हलवला. डोस दिला की डाव्या करंगळीला शाई लावतात, ती दिसली नाही.

"नेलं नाहीस का ग त्याला?" मी सुनेला विचारलं.

"आई, टीव्हीवर डोसवरून दोन प्रोफेसर भांडत होते. कोणाचं ऐकू?"

मीही ते पाहिलं होतं. डोस द्या म्हणणाऱ्याचं मला पटलंही होतं. पण शिकलेल्या माणसाचं बोलणं घरात येतं, शेजारी बसत नाही.

"भीती वाटते का?" एवढंच मी विचारलं.

तिने त्याला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "इथे बोलायलाच कोणी नाही, आई."

माझ्याही घरात कोणी नव्हतं. फोन ठेवून मी सुरतेला जायला पिशवी भरायला घेतली.