ओझोनच्या तीन माळा

रात्का देस्पोतोस्काला शहरात 'हवावाली बाई' म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत. बावीस वर्षं ही बाई दर गुरुवारी ब्रेझोवोच्या डोंगरावर जायची आणि तिथल्या पत्र्याच्या खोलीत एका पेटीपुढे बसायची. पेटी बाहेरची हवा ओढून घ्यायची आणि तिच्यात ओझोन किती, ते आकड्यांत सांगायची. आकडे पेटीत आपोआप साठत, तरी रात्का ते वहीतही उतरवून ठेवायची. तिचा यंत्रावर विश्वास होता, विजेवर नव्हता. "लग्न माझ्याशी केलंस आणि संसार त्या पेटीशी," नवरा म्हणायचा. "पेटी घोरत नाही," ती म्हणायची.

आभाळात फार उंचावर असलेला ओझोन आपल्याला ऊन गाळून देतो, एवढं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. तोच वायू जमिनीलगत तयार झाला तर माणसाची छाती जाळतो, हे मात्र कुणी कानावर घ्यायला तयार नव्हतं. शिवाय रात्काची पेटी म्हणत होती, की खाली शहरात बस स्टँडवर ओझोन कमी आणि वर डोंगरावर दुप्पट. यावर कोण विश्वास ठेवणार? ब्रेझोवोची हवा म्हणजे औषध, हे त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दम्याची पोरं दर उन्हाळ्यात शिबिराला वर पाठवायची आणि दुपारी चार वाजता, ऐन उन्हात, टेकडीवर पळवायची. त्याच वेळी पेटीतला आकडा सगळ्यात वर असायचा. हे पाहून रात्काला रात्रीचं जेवण जात नसे.

त्या वसंतात नगरपालिकेच्या हवा खात्यावर सेराफिम नावाचा इंजिनियर आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"रात्काबाई, तुमचं यंत्र बिघडलंय," तो पहिल्याच भेटीत म्हणाला. "धूर इथं, आणि विष तिथं? माझ्या आजीनंही ऐकून घेतलं नसतं."

"साहेब, गाड्यांचा धूर आणि ऊन एकत्र आलं की हा वायू शिजतो. शिजायला वेळ लागतो, तोवर वारा त्याला डोंगरावर नेऊन सोडतो. शहरात जो उरतो, त्याला ताजा धूरच खाऊन टाकतो."

"म्हणजे धूर हवा साफ करतो म्हणा की."

"चोराला दरोडेखोरानं मारलं, म्हणून दरोडेखोर पोलीस होतो का?"

सेराफिम हसला, पण कागदावरून त्याची नजर हलली नाही. सप्टेंबरच्या पाच तारखेला समिती बसेल, तोवर पेटी सोडून दुसरा काही पुरावा आणा, नाहीतर खोली बंद, असं त्यानं सांगून टाकलं.

दुसरा पुरावा रात्काच्या डोक्यात त्याच संध्याकाळी आला. तंबाखूची एक नाजूक जात असते. हवेत ओझोन वाढला की दोन-तीन दिवसांत तिच्या पानांवर पांढरे ठिपके उठतात. तिनं परदेशातल्या मैत्रिणीकडून बी मागवलं, बारा कुंड्यांत रोपं लावली. सहा शहरात आपल्या गॅलरीत ठेवली, सहा डोंगरावर खोलीच्या पायरीपाशी. तंबाखूच्याच खोऱ्यात तंबाखूला साक्षीला उभं करायचं, ही कल्पना तिला स्वतःलाच फार आवडली.

आणि जुलैच्या आठ तारखेला त्याच पायरीवरून घसरून तिनं घोटा मोडून घेतला. पाय सात आठवडे प्लास्टरमध्ये. वरच्या सहा कुंड्यांचं काय? ब्रेझोवोत तिची पेतकाना मावशी राहायची, वय अठ्ठ्याहत्तर, सहाव्या वर्षापासून तंबाखूत हात. रात्कानं फोन केला.

"मावशी, रोज फक्त पाणी घाल. बाकी काही करू नकोस."

"मला तंबाखू शिकवतेस होय गं?"

"शिकवत नाही. पाणी घाल म्हणते."

"घालते. तू पाय वर ठेव आणि तोंड मिटून ठेव, दोन्ही बरे होतील."

सात आठवडे रात्का कुबड्या घेऊन गॅलरीतल्या कुंड्यांभोवती फिरत राहिली. शहरातली पानं जवळपास स्वच्छ होती, तिनं सांगितलं होतं तशीच. आता वरची ठिपक्यांनी भरलेली निघाली, की सेराफिमचं तोंड बंद. प्लास्टर निघाल्या दिवशीच ती नवऱ्याला गाडी काढायला लावून वर गेली.

कुंड्यांत सहा काड्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या शेंड्याला चार कोवळी पानं, आणि खाली काही नाही. ठिपके उठतात ते जुन्या, खालच्या पानांवर. नेमकी तीच गेली होती. रात्का पायरीवर बसून कुंड्यांमागे गळलेली पानं शोधू लागली.

मावशी मागून आली, डोक्याला काळा रुमाल, बोटं चिकानं काळी. "छान वाढली, नाही? तुझ्या या जातीच्या तंबाखूला दम नाही मात्र."

"पानं कुठं गेली, मावशी?"

"तोडली. पिकलेलं पान झाडावर ठेवतात का? खालून वर तोडत जायचं, आपलं नेहमीसारखं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बहात्तर वर्षं ज्या बाईनं पहाटे उठून खालचं पान आधी खुडलं, तिला नुसतं पाणी घालायला सांगणं ही चूक खरं तर रात्काची होती. पण त्या क्षणी तिला ते सुचलं नाही.

"मावशी, माझी बावीस वर्षं तू खुडून टाकलीस. तुला पाणी घाल म्हटलं होतं. एवढं साधं काम!"

नवरा मध्ये काहीतरी बोलू लागला, तर त्यालाही तिनं गप्प केलं. मावशीनं रुमालाची गाठ घट्ट केली आणि उतारावरून घरी निघून गेली. रात्का रडली. आधी पानांसाठी, मग मावशीला बोलली त्यासाठी.

तासाभरानं ती लंगडत मावशीच्या घरी माफी मागायला गेली. मावशी अंगणात घेवडा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला चोर ठरवलंस. तुझा तंबाखू मी माझ्यात घातला नाही. परक्याचा तंबाखू आपल्या माळेत ओवायचा नाही, हे माझ्या आईनं शिकवलंय. म्हणजे तुझ्याच आजीनं."

"म्हणजे?"

"छपराखाली बघ."

छपराखाली दोऱ्यात ओवलेल्या पानांच्या मावशीच्या पन्नासेक माळा वाळत होत्या, आणि टोकाला, वेगळ्या खिळ्याला, तीन आखूड माळा. रात्कानं पहिली उतरवली. पानं सोनेरी, स्वच्छ.

"हा पहिला तोडा. पेत्रोवदेनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीचा," मावशी म्हणाली. "त्याआधी चार दिवस पाऊस होता."

दुसऱ्या माळेतली पानं वाळून तांबूस झाली होती, पण त्यांच्यावर पांढरे ठिपके इतके दाट, की पीठ सांडल्यासारखे दिसत होते.

"हा इलिंदेनच्या सणाचा. दहा दिवस आग ओकत होतं. माझी छाती जळत होती त्या दिवसांत, संध्याकाळची मी घराबाहेर पडले नाही."

तिसऱ्या माळेत ठिपके मध्यम होते. "हा मोठ्या बोगोरोदित्साच्या सणाच्या तीन दिवस आधीचा. अधेमधे वादळ झालं होतं." प्रत्येक माळेत सहा गाठी होत्या, एका कुंडीची पानं संपली की एक गाठ. हे का केलं, विचारल्यावर मावशी म्हणाली, "तुझी रोपं वेगळी वाढत होती, मग एकत्र कशी ओवू?"

रात्कानं खोलीवरून पेटीतले आकडे काढून आणले. बारा जुलैच्या पेत्रोवदेनपर्यंत ओझोन खाली, दोन ऑगस्टच्या इलिंदेनआधी सगळ्या उन्हाळ्यातला सर्वांत वरचा, अठ्ठावीस ऑगस्टच्या बोगोरोदित्साआधी मधला. मावशीनं पंचांगातले सण धरून जे ओवलं होतं, तेच पेटीनं आकड्यांत लिहिलं होतं. तिनं मावशीचे चिकट हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पाच तारखेला समितीपुढे तीन माळा टेबलावर ठेवल्या, शेजारी शहरातली पानं. मावशीही आली होती. माळा दुसऱ्याच्या हाती देणार नाही म्हणाली. सेराफिमनं दुसरी माळ उचलली. त्याची बोटं पानावरून फिरली ती इंजिनियरची नव्हती. त्या शहरात कुणाचंही लहानपण तंबाखूची पानं ओवायच्या सुईशिवाय गेलेलं नाही. त्यानं पान उजेडात धरलं, उलटं केलं, शिरा पाहिल्या.

"ही माव्याची कीड नाही. बुरशीही नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग रात्काकडे वळला. "हे सगळं तुमच्या आराखड्याप्रमाणे तोडलंत? तीन तोडे, कुंडीवार गाठी?"

आता 'हो' म्हणाली असती, तर कुणाला कळलं नसतं. बावीस वर्षांचं काम एका 'हो'वर तरत होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आराखड्यात पानं तोडायचीच नव्हती. मावशीनं सवयीनं तोडली आणि मी तिला वाटेल तसं बोलले. हे नीट ओवलेलं आहे ते तिच्यामुळे. माझी यात अक्कल काही नाही."

सेराफिमनं माळ खाली ठेवली. "आजी, कुठल्या गावच्या तुम्ही?"

"ब्रेझोवोची. तू कुणाचा रे?"

"माझी आजी लोझ्यानीची. तीही प्रत्येक तोडा वेगळा टांगायची. मिसळला की झोडायची आम्हाला." त्यानं ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "शिबिरातली पोरं दुपारी चारला बाहेर काढतात, नाही का?"

"चारला," रात्का म्हणाली.

खोली राहिली. पुढच्या उन्हाळ्यात शिबिरातली पोरं सकाळी सहाला टेकडीवर जाऊ लागली, जेव्हा गावातल्या बायका शेतात खालची पानं खुडत असतात. रात्कानं त्या तीन माळांवर शोधनिबंध लिहिला, तो छापून आला. ती मावशीला दाखवायला घेऊन गेली. वर दोन नावं होती, रात्का देस्पोतोस्का आणि पेतकाना रिस्तोस्का.

मावशीनं चष्मा चढवून आपल्या नावावर बोट ठेवलं. "माझं नाव कशाला?"

"माळा तू ओवल्यास म्हणून. आत तसं लिहिलंय."

"आणि तोडल्याचं?"

"तेही लिहिलंय, मावशी. सांगितलेलं नसताना तोडली, असं."

"मग ठीक," मावशी म्हणाली, आणि कागद नीट घडी घालून छपराखालच्या त्या वेगळ्या खिळ्याला लावला, आपल्या माळांपासून दूर.