मेस्त्रींचा उलटा हात

ट्रक गॅरेजात शिरला की मेस्त्री आधी ड्रायव्हरशी बोलतच नसत. वाकून इंजिनाखाली जात, ऑइलच्या चेंबरला उलटा हात लावत आणि जाहीर करत, “हिका ताप इलो!” तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते ना, अगदी तसा हात.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. गाडीची विचारपूस आधी, गाडीवाल्याची सवडीने.

साकीनाक्याला त्यांच्या गॅरेजला लागून माझं पॅकिंगचं दुकान आहे. चेंबर खोलून परत बसवताना ऑइल गळू नये म्हणून मध्ये बुचाचं पॅकिंग लागतं, त्यामुळे मेस्त्री सारखे माझ्या दारात. त्यांच्याकडे यायचे ते जुने ट्रक आणि पाण्याचे टँकर. नव्या गाड्यांत ऑइल थंड करायला वेगळा कूलर असतो. यांचं ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठतं आणि धावताना वारा लागला की निवतं. आमच्या ट्रॅफिकमध्ये कुठलं धावणं आणि कुठला वारा! त्यात चेंबरवर चिखलाचा थर. तो पाहिला की मेस्त्रींचं डोकं फिरायचं. “गोधडी पांघरून ताप उतरता काय रे?” असं ओरडत ते स्वतःच खरवडायला बसत.

एका दुपारी एक टँकर धापा टाकत आला. मेस्त्रींनी हात लावला. लावला तो काढलाच नाही. म्हणाले, “ताप नाय. जा घेऊन.”

“मजाक करता काय मेस्त्री? ऑइल जळल्याचा वास येतोय ना!” ड्रायव्हर म्हणाला.

मी धावत जाऊन त्यांचा हात ओढला. कातडी लालभडक, फोड धरू लागलेली. कित्येक वर्षांची रक्तातली साखर शेवटी बोटांपर्यंत पोचून हात बधिर झाला होता. मेस्त्री त्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. “हाताक कळाक नाय गो,” एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर ट्रक आला की दुकानाबाहेरून हाक यायची, “ये गो, हात लाव.” मी लावायची.

“गरम आहे.”

“गरम म्हणजे? चायचो कप की तवो?”

माझ्या हाताने त्यांनी काही महिने काम चालवलं. पण दुसऱ्याच्या हाताने ताप बघणं त्यांच्या जिवाला लागत होतं. शेवटी लेक गावी न्यायला आली. गॅरेजला कुलूप लागलं.

निघताना त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. “बघ, ताप आसा काय?”

“नाही, मेस्त्री.”

मला हात काढवेना. त्यांनी डोळे मिटले होते.

“थंड आसा गो तुझो हात,” ते म्हणाले. कपाळाला अजून कळत होतं.